कौसामायची विकतची झोप

हिंगोलीत मला खोली मिळाली ती कौसामायच्या भांड्यांमुळे.

दुष्काळाचं साल नुकतंच सरलं होतं. नरसीजवळच्या खेड्यातून बदली होऊन मी हिंगोलीच्या प्राथमिक शाळेत आलो आणि ट्रंक घेऊन खोली शोधत फिरलो. बऱ्याच घरी खोली रिकामी होती. मी आडनाव सांगितलं की ती लगेच भरायची. शेवटी एका दाराशी थांबलो, तर अंगणात एक दणकट बाई पातेल्यात बसून पातेलं घासत होती. खरोखर आत बसून. बाहेरून फक्त तिचं डोकं आणि खांदे दिसत होते.

"आडनाव काय?"

"कांबळे."

तिचा हात थांबला नाही. "या पातेल्यातलं कोण कोण जेवून गेलं त्यांची नावं म्या घ्यायला बसले ना, तर अख्ख्या हिंगोलीला आंघोळ करावी लागंल. खोली बघून घ्या. छप्पर गळतं, ते आधीच सांगते. अन् सकाळी चहाच्या आधी माझ्यासंगं बोलायचं न्हाई."

लग्नाकार्याला भांडी भाड्याने देणं हा तिचा धंदा. नवरा मागे पातेली, पराती, घंगाळं आणि एक मुलगा ठेवून गेला होता. मुलगा दिगंबर नांदेडला पाटबंधारे खात्यात कारकून होता. भांडी हिंगोलीतच होती आणि आईजवळ तीच जास्त असायची. लोक आपल्या भांड्यांवर नावं घालून घेतात; कौसामायच्या एकाही भांड्यावर अक्षर नव्हतं. "माझं भांडं मला वळखतं," असं ती म्हणे. ते खोटंही नव्हतं. कुठल्या परातीला कुणाच्या बारशात पोचा आला, कुठल्या पातेल्याचा कान कोणत्या व्याह्याने तोडला, सगळं तिला तोंडपाठ होतं.

एकदा एका लग्नात मानपानावरून दोन्ही पक्ष हमरीतुमरीवर आले. नवरदेव घोड्यावर, मुलीचा बाप मांडवाबाहेर. कौसामाय संध्याकाळी भांडी न्यायला म्हणून हजर झाली. तिने दोन्हीकडचं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "लगीन व्हवो का न व्हवो, पातेली मला दिवस मावळायच्या आत पायजेत. उद्या कुरुंद्याला जायचीत." पातेल्यांत जेवण तयार होतं. ते रिकामं करायचं तर पंगत बसवावी लागणार, आणि पंगत बसवायची तर आधी लग्न लावावं लागणार. लग्न लागलं. पुढे त्या जोडप्याला तीन मुलं झाली, आणि त्या मुलांवर आपला थोडा हक्क आहे असं कौसामाय धरून चालायची.

चहाच्या आधी न बोलण्याचं कारण मला आठवड्याभरात कळलं. कौसामाय अफू खायची. हरभऱ्याएवढी गोळी सकाळी आणि तेवढीच दुपार कलल्यावर, वर गोड चहा. यात चोरून काही नव्हतं. निजामाच्या काळापासून आमच्याकडे म्हाताऱ्या माणसांत ही सवय होती आणि जुन्या खाणाऱ्यांना सरकार परवान्यावर ठरावीक अफू देत असे. गोळीच्या आधी ती शिंकायची, जांभया द्यायची, डोळ्यांतून पाणी काढायची आणि दिसेल त्याच्या आईबापाचा उद्धार करायची. गोळीनंतर घटकाभराने गल्लीतल्या बायका उसनंपासनं मागायला यायच्या. ती वेळ सगळ्यांना माहीत होती.

परवाना नवा करायला मी एकदा तिच्यासोबत कचेरीत गेलो होतो. कारकुनाने मान वर न करता सांगितलं, "ज्याचा परवाना आहे त्याला घेऊन या."

"म्याच हाय."

"बाई, तुमचा? नवरा खात होता का?"

"न्हाई. त्याला कसलंच व्यसन न्हवतं. तो मेला. म्या खाते, म्या जिती हाय. यातून काय ते तुमी समजून घ्या, पण शिक्का मारा."

यावरून ती अफूचे गोडवे गात असेल असं वाटेल. तसं नव्हतं. रोजाने शेतात जाणाऱ्या बाया तान्ह्या लेकराला अफूचा कण चाटवून पाळण्यात निजवून जायच्या. बाळगोळी म्हणत त्याला. आमच्या शेजारणीने एकदा हे केलेलं कौसामायला दिसलं. ती उठली, शेजारणीच्या हातातली डबी हिसकावली आणि नालीत फेकली.

"तू तर सोता खातीस की!" शेजारीण ओरडली.

"म्हणून तर सांगून राहिले. मला पाळण्यात कोणी इचारलं न्हवतं."

एवढं बोलून ती भांडी घासायला बसली. तिची आईही तिला अशीच अफू चाटवून, निजवून निंदणीला जायची आणि तिथूनच तिला सवय लागली होती, हे मला त्या दिवशी कळलं. त्याबद्दल ती पुन्हा कधी बोलली नाही.

दिगंबरचं लग्न ठरायला आलं तेव्हा अफूची गोष्ट निघाली. मुलगी नांदेडची, शिकलेली, घर चांगलं. त्यांना कुणीतरी सांगितलं की होणारी सासू अफू खाते, आणि ते आढेवेढे घ्यायला लागले. पण मुलीचा मामा डॉक्टर होता, त्याचा स्वतःचा दवाखाना होता आणि त्याच्याकडे यावर नवा इलाज होता. दिगंबर शनिवारी धावतच घरी आला.

"माय, तीन दिवस झोपायचं. बस. सुई देऊन झोपवतात, सलाइन लावतात. अफू सुटायची सगळी तकलीफ झोपेतच होऊन जाते. उठलीस की मोकळी. तुला कळणारसुद्धा नाही."

"जे मला कळणार न्हाई ते मला झालं हे कसं कळंल?"

दिगंबरने माझ्याकडे पाहिलं. मी पातेल्याकडे पाहिलं.

हिंगोलीच्या सरकारी दवाखान्यात तेव्हा एक डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी कौसामायला आधीच सांगितलं होतं की अफू सोडायची असेल तर हळूहळू सोडा. गोळी दर पंधरवड्याला थोडी लहान करत चला, पाचसहा महिने लागतील. पण नांदेडच्या मंडळींना माघातला मुहूर्त हवा होता आणि दिवाळी तोंडावर आली होती. कौसामायने दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी चहा झाल्यावर म्हणाली, "पोरगं आजवर काही मागाया आलं न्हाई. गुर्जी, तुमाला दिवाळीची सुट्टी हाय ना? चला संगं."

हिंगोलीहून पूर्णा जंक्शन आणि तिथून गाडी बदलून नांदेड. कौसामायने वाटेत पुरेल एवढी अफू कनवटीला लावली होती. सोडायला निघालेल्या माणसाने बरोबर अफू न्यावी याचं समोरच्या प्रवाशाला नवल वाटलं. "गावाला जाताना घराला कुलूप लावावंच लागतं," असं काहीतरी ती त्याला म्हणाली. त्याला ते कळलं नाही. मलाही नाही.

डॉक्टर माणूस वाईट नव्हता. स्वच्छ, हसरा, नव्या गोष्टींची हौस असलेला. त्याने आजवर बऱ्याच जणांना असं झोपवलं होतं आणि सगळे चालत घरी गेले होते. घरी गेल्यावर त्यांचं काय झालं हे विचारायची दवाखान्यात पद्धत नव्हती.

कौसामायने विचारलं, "झोपेत मेले तर?"

डॉक्टर हसला. "मावशी, झोपेत कुणी मरतं का?"

"माझा सासरा मेला की."

"त्यांचं वय झालं होतं."

"व्हय. माझ्याएवढंच."

मग तिने उशाशी कोण बसणार ते विचारलं. सिस्टर आहे ना, असं डॉक्टर म्हणाला. सिस्टर होती, पण एकटीच. तीच सुया द्यायची, तीच औषधं बांधून द्यायची आणि तीच दाराशी चिठ्ठ्या फाडायची. शेजारच्या खोलीत आमच्या हिंगोलीकडच्याच पुसेगावचे किसनराव म्हणून एक म्हातारे शेतकरी याच इलाजासाठी झोपले होते. त्यांची झोप आदल्या दिवशी सुरू झाली होती. पडद्याआडून त्यांचं घोरणं एका लयीत ऐकू यायचं. दिगंबर म्हणाला, "बघ, किती शांत!"

कौसामायला सुई दिली. "पायाला गार लागून राहिलं," एवढं ती म्हणाली आणि गेली. गेली म्हणजे झोपली. पण त्या खाटेकडे पाहून दुसरा शब्द सुचत नव्हता. घरी झोपलेली कौसामाय मी पाहिली होती. ती झोपेतही एका हाताने डास मारायची. इथे तोंड उघडं, हात सुई देताना जिथे ठेवला तिथेच पडलेला. घाम येत होता, पाय आपोआप हलत होते. तिचं अंग अफू मागत होतं, फक्त मागणारी जागेवर नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी डॉक्टर जेवायला घरी गेला होता. मी खालून चहा घेऊन जिना चढत होतो, तेवढ्यात सिस्टरची हाक आली. कौसामायला झोपेत उलटी झाली होती. जागं माणूस उलटी झाली की उठून बसतं, खाकरतं, थुंकतं. ती उताणी होती आणि ते सगळं उलट आत, छातीत गेलं होतं. सिस्टरने तिला एकटीने कुशीवर ओढलं, तोंडात बोटं घालून साफ केलं आणि पायाने चालवायच्या पंपाने आतलं ओढायला लागली. ओठ निळे पडले होते. दिगंबर "माय, माय" करत तिचे पाय चोळत होता. ऑक्सिजनची टाकी ऑपरेशनच्या खोलीत होती, खोलीला कुलूप होतं आणि किल्ली डॉक्टरच्या खिशात, जेवायला.

मी पळत डॉक्टरच्या घरी गेलो. तो हात न धुताच निघाला, हे मी त्याच्या बाजूने सांगितलं पाहिजे. आम्ही येईपर्यंत सिस्टरने तिच्या तोंडाला तोंड लावून श्वास चालू ठेवला होता. ती तोंड पुसून बाजूला झाली आणि भिंतीला टेकून बसली. मग टाकी आली. संध्याकाळपर्यंत ओठांचा रंग परतला. डॉक्टर दिगंबरला म्हणाला, "थोडी गुंतागुंत झाली होती." दिगंबरने मान डोलावली. तो अजून आईचे पाय धरूनच उभा होता.

तीन दिवसांची झोप आठवडाभर चालली, कारण पुढे न्यूमोनियाचा ताप चढला. दरम्यान किसनराव ठरल्याप्रमाणे जागे झाले, पोटभर भाकरी खाल्ली, डॉक्टरच्या पाया पडले आणि मुलांबरोबर हसत पुसेगावला गेले. इलाज कसा उत्तम आहे हे दाखवायला डॉक्टरने त्यांना मुद्दाम आमच्या खोलीत आणलं होतं.

कौसामाय शुद्धीवर आली तेव्हा डॉक्टरने वाकून विचारलं, "मावशी, आता अफूची आठवण येते का?"

ती खोल गेलेल्या आवाजात म्हणाली, "आठवण नवऱ्याचीबी येते. म्हणून काय त्याला आणता येतो?"

डॉक्टरने याचा अर्थ "नाही" असा घेतला.

घरी आल्यावर मात्र वेगळंच सुरू झालं. झोपेत संपणार होती ती तकलीफ संपलेली नव्हती; ती जागेपणाची वाट बघत बसली होती. जुलाब, शिंका, अंगाची लाही, गुडघ्यांत कुणी गिरमिट फिरवावं तशी कळ. आणि झोप तर नावाला नाही. पैसे मोजून झोपून आलेली बाई महिनाभर जागी होती. "त्या डॉक्टरनं माझी सगळी झोप एकदमच वापरून टाकली," ती म्हणायची. अंगणात पातेल्याला टेकून बसायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, "काय न्हाई. बरी झाले म्हणतेत."

दुसरी गोष्ट आम्हाला उशिरा कळली. एका घरी बारशाची भांडी पोचवायची होती. कौसामाय भांड्यांच्या खोलीत गेली आणि बाहेरच येईना. मी डोकावलो तर ती एक परात दोन्ही हातांत धरून उभी.

"गुर्जी, ही आपलीच हाय का?"

"आपलीच असणार, माय."

"तसं न्हाई. हिचं काय झालं होतं? हिला पोचा हाय बघा. कुठं पडली होती ही?"

मला माहीत नव्हतं. ते तिच्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. पुढच्या बाजारी तिने नावं घालणाऱ्याला बोलावलं. दिवसभर तो अंगणात बसून टकटक करत एकेका भांड्यावर तिचं नाव कोरत होता आणि ती उंबऱ्यावर बसून बघत होती. मी शाळेतून आलो तरी ती तिथेच होती.

त्याच सुमारास तिने मला सरकारी दवाखान्यात पाठवलं. "डॉक्टरीणबाईला इचारून या. एक गोळी घेतली तर काय व्हईल? पहिल्यासारखी, हरभऱ्याएवढी. निस्तं इचारा." म्हणजे एक गोळी घरात होती.

डॉक्टरीणबाई ऐकून खुर्चीतून उठल्याच. त्या माझ्याबरोबर घरी आल्या आणि कौसामायपुढे जमिनीवर बसल्या. "कौसाबाई, जन्मभर खाऊन तुमच्या शरीराला ती गोळी पचायची ताकद आली होती. आता ती ताकद गेली. पहिल्याएवढी घ्याल तर झोपाल, आणि श्वास बंद पडेल. हे त्यांनी तुम्हाला सांगितलं नाही का?"

"न्हाई," कौसामाय म्हणाली. "ते म्हणले, तुमी मोकळ्या झाल्या."

तिने कनवटीची गोळी काढून डॉक्टरीणबाईंच्या हातावर ठेवली आणि दुसऱ्याच क्षणी तिचा हात ती परत घ्यायला पुढे आला. डॉक्टरीणबाईंनी मूठ मिटली. दोघी तशाच बसून राहिल्या, एकीची मूठ दुसरीच्या हातात. मग कौसामायने हात सोडला आणि मला म्हणाली, "गुर्जी, बाईंना चहा मांडा. साखर जास्त."

आठ दिवसांत बातमी आली की पुसेगावचे किसनराव वारले. ते एका सोयऱ्याकडे गेले होते. सोयरा जुना अफू खाणारा. बरं झाल्याच्या आनंदात त्याने डबी पुढे केली. किसनरावांनी नेहमीएवढीच घेतली, त्याहून तसूभर जास्त नाही. सकाळी उठलेच नाहीत. "अंग इसरलं होतं, हात इसरला न्हाई," कौसामाय म्हणाली आणि तेराव्याला जायचं ठरवून आत गेली.

किसनरावांच्या तेराव्याला आम्ही पुसेगावला गेलो. दिगंबरही आला होता. गावातल्या आणखी पाच अफू खाणाऱ्यांना त्याच इलाजासाठी नांदेडला न्यायचं ठरलं होतं आणि होणाऱ्या मामेसासऱ्यांसाठी ते सगळं तो जमवत होता. जेवणं झाल्यावर ते पाच म्हातारे लिंबाखाली बसलेले. जायचं कधी याचीच बोलणी चालली होती. कौसामाय त्यांच्यापुढे जाऊन बसली.

"तुमी झोपायला चालले म्हणं."

"व्हय. किसनराव तर चांगला झाला होता. त्याची येळच आली होती."

"त्याची येळ आली न्हवती. त्याला कोणी सांगितलं न्हाई की पहिल्याएवढी घेतली तर मरशील. मलाबी न्हाई सांगितलं. अन् माझं तर झोपेतच मरण झालं होतं, तिथल्या सिस्टरनं तोंडातून वारा घालून माघारी आणली. तवापासून मला माझी भांडी वळखू येईनात. सोडायची हाय ना? सोडा. चांगलीच गोष्ट हाय. पण हिंगोलीला या, सरकारी दवाखान्यात. गोळी बारीक करत करत सोडा. टाइम लागतो. जागं राहून सोडा."

दिगंबर पुढे आला. त्याचा चेहरा उतरला होता. "माय, हे मामांच्या कानावर गेलं तर लग्न मोडेल. कळतंय ना तुला?"

"कळतंय."

"मग काहून बोलून राहिलीस?"

कौसामाय त्याच्याकडे वळली. "दिगू, तुझ्यासाठी म्या झोपले. तवा काही बोलले का? पण ह्यांच्या बायका घरी हायत."

पाचांपैकी एकही नांदेडला गेला नाही. लग्न मोडलं. दिगंबर दोन वर्षं घरी आला नाही. त्या दोन वर्षांत कौसामाय रोज संध्याकाळी स्टँडकडे फिरायला जायची. डॉक्टरीणबाईंनी गुडघ्यांसाठी चालायला सांगितलंय, असं सांगायची. डॉक्टरीणबाईंनी तसं सांगितलं नव्हतं. मी विचारलं होतं. एका संध्याकाळी ती दिगंबरला घेऊनच परत आली. त्याने हातपाय धुतले, ताटावर बसला आणि म्हणाला, "कालवणात मीठ कमी आहे." "घे वरून," ती म्हणाली. झालं. पुढे त्याने आपल्याच कचेरीतल्या मुलीशी लग्न केलं. नांदेडचा तो इलाज डॉक्टरने बंद केला की आमच्याकडच्या लोकांनी जायचं बंद केलं, मला सांगता येणार नाही. त्या सिस्टरला मात्र कौसामाय दरवर्षी हळद आणि लुगडं पाठवायची.

मग माझी बदली सेनगावकडे झाली. एकदा शिक्षण खात्याच्या कामाने हिंगोलीला आलो आणि सरकारी दवाखान्यावरून जात होतो. ओट्यावर कौसामाय बसलेली दिसली, पदरात भाजलेल्या शेंगा. शेजारी एक पागोटेवाला म्हातारा अंगाचं मुटकुळं करून शिंकत होता, डोळे पुसत होता. त्याची गोळी त्या आठवड्यात लहान झाली असावी. तो तिला शिव्या देत होता. तिच्या आईला, सासूला, हिंगोलीला आणि सरकारला. दम लागायचा, शिंकायचा, पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचा. येणारेजाणारे थांबून बघत होते.

कौसामायने एक शेंग फोडली, दाणे त्याच्या तळहातावर ठेवले आणि म्हणाली, "दे शिव्या. पण दमानं दे. अजून लई दिवस द्यायच्यात."